यात काय काय घातलंय हो?

परदेशात जाऊन आलेल्या बाईला आपण बायका पहिला प्रश्न कोणता विचारतो, सांगू? ‘तिकडे खाण्यापिण्याचं कसं झालं हो?’ गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सिंगापूरला जाऊन आलो, तेव्हा निम्म्या पिंगळीनं मला हेच विचारलं. विमानाची आणि उंच इमारतींची चौकशी त्यानंतर! मी आपली प्रत्येकीला ‘छान झालं’ असं सांगून मोकळी होत होते. पण मैत्रिणींनो, खरं उत्तर जरा लांबचं आहे आणि त्यात माझी एक चूकही आहे. ती आज तुमच्यापुढे मांडते. तुमच्यापैकी कितीतरी जणींचे मुलगे, दीर, भाऊ आज परदेशी आहेत. आज ना उद्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन तुम्हीही जाल. तेव्हा माझी चूक तुमच्या कामी येईल.

आमचं घर शेतीचं. हे शेती बघतात, मी घर सांभाळून तासिका तत्त्वावर शाळेत शिकवते. धाकटे भाऊजी कॉम्प्युटरच्या नोकरीत, गेली तीन वर्षं सिंगापूरला. त्यांचा आग्रह, की आत्याबाईंनी एकदा तरी यावं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वय सत्तरीचं, गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकली नाही, चातुर्मासात कांदा-लसूण घरात शिजत नाही. ‘तिथं माझ्या तोंडात काय पडंल काय नाही, मी नाही येत,’ असं त्या दोन महिने म्हणत होत्या. शेवटी मीच शब्द दिला, ‘आत्याबाई, तुमच्या ताटात काय येतं ते मी बघेन.’ हा शब्द ध्यानात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

धपाटे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, दशम्या असं सगळं बांधून घेतलं. परभणीहून रात्रीची रेल्वे, मुंबईहून पुढं साडेपाच तासांचं विमान. पहिले चार दिवस सुखाचे गेले. जाऊबाई घरी वरण-भात करत होती. बाहेर गेलं, की आत्याबाई केळी खाऊन राहत.

पाचव्या दिवशी भाऊजींच्या ऑफिसातल्या वरिष्ठांनी आम्हां सगळ्यांना जेवायला बोलावलं. ते चिनी गृहस्थ. सिंगापुरात दर चार माणसांत जवळजवळ तिघं चिनी वंशाचे, तेव्हा त्यात नवल नाही. नवल होतं ते जेवणाचं. आपल्याला चायनीज म्हटलं, की परभणीतली लाल गाडी आठवते. मोठ्या जाळावरची कढई, मंचुरियन आणि शेजवान चटणी. माझा मुलगा तर गाडीत बसल्यापासून मंचुरियनची वाट बघत होता. पण त्या हॉटेलात कुणी मंचुरियनचं नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं! नंतर कळलं, की ते आपल्याच मुंबईचं अपत्य. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वँग नावाचे चिनी वंशाचे आचारी १९७५ च्या सुमाराला मुंबईच्या क्रिकेट क्लबात होते. गिऱ्हाइकानं काहीतरी नवं मागितलं. त्यांनी आपल्यासारखंच आलं, लसूण, हिरवी मिरची परतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, असं सांगतात. म्हणजे आपण ‘चायनीज’ म्हणून खातो ते मुंबईचं आणि कलकत्त्याचं चायनीज.

गोल टेबल, त्यावर मधोमध फिरणारी काचेची थाळी. पदार्थ तिच्यावर ठेवायचे आणि थाळी फिरवून ज्यानं त्यानं आपल्यापुरतं घ्यायचं. आपल्या पंगतीत वाढपी फिरतो, इथं पदार्थच फिरतात. बिनदुधाचा, बिनसाखरेचा गरम चहा कपात सारखा पडत होता. यजमान बाई मोठ्या प्रेमळ. त्यांनी आधीच विचारून आत्याबाईंसाठी वेगळं मागवलं होतं: पांढरा भात, एक हिरवी पालेभाजी आणि टोफू.

टोफू बघून आत्याबाई म्हणाल्या, ‘हे पनीर कशाचं गं?’ मी सांगितलं, ‘सोयाबीनचं. सोयाबीन भिजवून वाटायचं, त्याचं दूध काढून उकळायचं, क्षार घालून फाडायचं आणि दाबून वड्या पाडायच्या.’ त्या घटकाभर बघतच राहिल्या. ‘आपण पोत्यानं आडतीवर घालतो ते सोयाबीन? आन् आपल्या घरात कधी एक दाणा शिजला नाही!’ सोया सॉससुद्धा सोयाबीन आणि गहू आंबवून करतात, हे सांगितल्यावर तर त्या हसल्याच.

मग मी आपली शहाणी. पालेभाजीकडे बोट करून यजमान बाईंना इंग्रजीत विचारलं, ‘यात मांस नाही ना?’ त्या म्हणाल्या, ‘नाही, नाही. नुसती भाजी.’ माझं समाधान झालं. मी आत्याबाईंना वाढलं. चार दिवसांत पहिल्यांदा त्या बाहेर पोटभर जेवल्या. ‘अगदी आपल्या तांदुळज्यावाणी लागतंय,’ म्हणत भाजी दोनदा घेतली. आम्हां सगळ्यांना किती बरं वाटलं म्हणून सांगू!

जेवण संपत आलं आणि मी सहज विचारलं, ‘भाजीला चव फार छान आहे, कशाची?’ बाई कौतुकानं म्हणाल्या, ‘ऑयस्टर सॉसची. ती चव त्याचीच.’

मैत्रिणींनो, ऑयस्टर म्हणजे शिंपल्यातला जीव. कोकणात कालवं म्हणतात तीच. त्यांचा अर्क आटवून हा काळसर दाट सॉस करतात. माझ्या हातातला कप तसाच राहिला. जाऊबाईनं माझ्याकडे बघितलं, ह्यांनी बघितलं, भाऊजींनी मान खाली घातली. सगळं बोलणं इंग्रजीत, त्यामुळे आत्याबाईंना काहीच कळलं नाही. त्या हात जोडून यजमान बाईंना म्हणत होत्या, ‘माय, लई चांगलं जेवले. अन्नदाता सुखी भव.’ ते मलाच इंग्रजीत सांगायला लागलं.

रात्री घरी हळू आवाजात चर्चा झाली. हे म्हणाले, ‘आता सांगून काय होणार? उगीच जिवाला घोर. आठवड्यानं घरी जायचंय.’ जाऊबाई म्हणाली, ‘वहिनी, न कळत झालं त्याचं पाप नसतं.’ दोघांचंही म्हणणं खोटं नव्हतं. पण माझी झोप उडाली. ‘तुमच्या ताटात काय येतं ते मी बघेन,’ हा शब्द कुणी दिला होता? मीच ना? आणि उद्या त्या पुन्हा तीच भाजी मागतील, तेव्हा मी काय सांगू? एक लपवलं, की ते झाकायला दुसरं बोलावं लागतं, हे मी वर्गात मुलांना शिकवते.

सकाळी त्यांची आंघोळ झाली, हरिपाठ झाला. मी शेजारी बसले आणि सांगून टाकलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘रातीच का सांगितलं नाही?’

‘तुम्हांला त्रास होईल म्हणून.’

‘टेबलावर समद्यांना ठावं होतं?’

मी मान हलवली.

‘म्हंजे मला एकटीलाच ठावं नव्हतं. मी आपली हात जोडून तोंडभर हासू लागले.’ त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘भाजीचं काय, न कळत झालं. पांडुरंग बघून घेईल. पण मला आंधळ्यावाणी बसवलं गं तुम्ही.’

त्या दिवशी त्यांनी दूध आणि पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मी माफी मागितली. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, ‘पुढं इचारत जा. आन् कळलं, की तवाच सांगत जा.’

हे सगळं सांगण्याचं कारण, की आपण म्हाताऱ्या माणसांना ‘त्रास नको’ म्हणून कितीतरी गोष्टी लपवतो. औषधाचं नाव लपवतो, डॉक्टर काय म्हणाले ते लपवतो. आपल्याला वाटतं, ही माया. समोरच्याला मात्र आपण मोजलेच गेलो नाही असं वाटतं. आत्याबाईंना शिंपल्याचं दुःख कमी आणि याचं जास्त झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई आम्हांला वॉटर्लू स्ट्रीटला घेऊन गेली. तिथं क्वान यिन या चिनी देवीचं १८८४ सालचं देऊळ आहे आणि त्याच रस्त्यावर, अगदी जवळ श्रीकृष्णाचं देऊळ. चिनी बायका देवीपुढं हात जोडून निघतात, त्यांतल्या कित्येक जणी कृष्णापुढंही उदबत्त्या लावतात. आत्याबाई त्या गर्दीकडे बघतच राहिल्या. मी त्यांना सांगितलं, ही क्वान यिन मूळची आपल्याकडचीच, बौद्धांचा अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेतलेला पद्मपाणी आहे ना, तोच. चीनमध्ये जाता जाता तो माउलीच्या रूपात आला. ‘माउली’ शब्द ऐकून आत्याबाईंनी चपला काढल्या आणि नमस्कार केला.

त्या देवळाच्या आसपास निव्वळ शाकाहारी चिनी खाणावळी आहेत. मी आत्याबाईंना विचारलं, ‘येता का? नाही म्हणालात तर घरी जाऊन वरण-भात करू.’ त्या म्हणाल्या, ‘चल, पण आधी इचार.’

विचारलं. आणि बायांनो, मला कितीतरी नवं कळलं! चिनी बौद्धांमध्ये कडक शाकाहाराची फार जुनी चाल आहे. त्याला ते ‘सू’ किंवा ‘चाय’ म्हणतात. पुष्कळ लोक एरवी सगळं खातात, पण चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे प्रतिपदेला आणि पौर्णिमेला, शाकाहार पाळतात. आपल्या एकादशीसारखंच की! त्यांचा महिनाही आपल्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो. आणि कडक पाळणाऱ्यांना कांदा, लसूण आणि त्या जातीच्या भाज्याही चालत नाहीत. हे ऐकून आत्याबाई खुर्चीत सावरून बसल्या. ‘म्हंजे ह्यांचा चातुर्मास बारा महिने!’

पण खरी गंमत पुढं आहे. त्यांना वर्ज्य असलेल्या पाच उग्र वासाच्या जिनसांत हिंगही येतो! जुन्या चिनी बौद्ध ग्रंथांत त्याचं जे नाव आहे, ते आपल्याच संस्कृत ‘हिंगु’ शब्दावरून गेलेलं. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. समजा, अशी एखादी चिनी आजी आपल्या घरी जेवायला आली आणि तिनं विचारलं, ‘वरणात कांदा-लसूण नाही ना?’ तर मी छातीवर हात ठेवून ‘नाही’ म्हणाले असते आणि हिंगाची खमंग फोडणी घातलेलं वरण तिला वाढलं असतं. खोटं बोलले असते का मी? नाही. हिंग म्हणजे काही वेगळी जिन्नस आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. तो फोडणीतच असतो! त्या यजमान बाईंचंही तसंच झालं. त्यांच्या लेखी भाजी ती भाजी. सॉस म्हणजे फोडणी. त्यात त्यांची काय चूक? मीच प्रश्न अर्धा विचारला होता.

आत्याबाईंना मी हे हिंगाचं उदाहरण सांगितलं, तेव्हा त्या पहिल्यांदा मोकळं हसल्या. मग टोफू, भाजी, भात असं व्यवस्थित जेवल्या.

आता मैत्रिणींनो, कामाचं सांगते. सिंगापूर असो, बँकॉक असो, चिनी हॉटेलात ‘व्हेजिटेरियन’ एवढं म्हणून भागत नाही. वेगवेगळं विचारायचं.

पहिलं, रस्सा किंवा सूप कशाच्या पाण्यात केलंय? वरून भाज्याच दिसतात, पण पाणी कोंबडीच्या किंवा हाडांच्या अर्काचं असू शकतं.

दुसरं, सॉस कोणता? सोया सॉस चालतो. ऑयस्टर सॉस आणि फिश सॉस आपल्याला चालत नाहीत. अळिंबीपासून केलेला शाकाहारी ‘ऑयस्टर’ सॉसही मिळतो, तो आहे का ते विचारावं.

तिसरं, सुकी कोळंबी आहे का? हिरव्या भाजीत आणि तिखट सांबालात ती वाटून घातलेली असते, डोळ्यांना दिसत नाही.

चौथं, तेल की चरबी? आणि नूडल्समध्ये अंडं आहे का? पिवळ्या नूडल्समध्ये पुष्कळदा असतं. टोफूवरही कधी खिमा पसरलेला असतो, तेव्हा टोफू दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये.

‘मी शाकाहारी आहे’ हे चिनी अक्षरांत एका चिठ्ठीवर कुणाकडून तरी लिहून घ्यावं आणि पर्समध्ये ठेवावं. ‘वो छ् सू’ असा त्याचा साधारण उच्चार. माझा उच्चार ऐकून वेटर हसला, पण चिठ्ठी वाचून मान डोलावली! शक्यतो निव्वळ शाकाहारी खाणावळच शोधावी.

अजिनोमोटोबद्दल पुष्कळ जणी विचारतात. तो पदार्थ मांसाहारी नाही. टोकियोच्या प्राध्यापक इकेदांनी १९०८ साली समुद्रातल्या वनस्पतीच्या रश्शातून त्याची चव ओळखून काढली. आता तो उसाची मळी, स्टार्च वगैरे आंबवून करतात. १९६८ साली एका डॉक्टरांच्या पत्रावरून त्याची फार भीती पसरली. पुढच्या तपासण्यांत ती तशी ठामपणे सिद्ध झाली नाही. तरी त्यात सोडियम असतं, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी बेतानंच घ्यावा. सोया सॉसचंही तेच.

दोन गोष्टी पैशांच्या. सिंगापुरातल्या पुष्कळ चिनी हॉटेलांत बसल्याबरोबर शेंगदाण्याची बशी आणि ओला रुमाल पुढं येतो. ते फुकट आहे असं समजू नका, बिलात लागतं. नको असेल तर लगेच परत करावं. आणि किमतीपुढं अधिकची दोन चिन्हं असली, तर त्यावर सेवेचा आकार, बहुधा दहा टक्के, आणि कर लागतो. तो कर २०२४ पासून नऊ टक्के आहे.

एक रीतीची गोष्ट. काड्यांनी जेवायचा प्रयत्न जरूर करावा, पण त्या भातात उभ्या खोचून ठेवू नयेत. मृतांसाठी उदबत्त्या लावतात तसं ते दिसतं आणि त्यांना ते अशुभ वाटतं. माझ्या मुलानं नेमकं तेच केलं. जाऊबाईनं पटकन काढून आडव्या ठेवल्या.

ती पालेभाजी आता आमच्या घरी होते, आत्याबाईंच्याच फर्माइशीवरून. कृती देते. पालक किंवा तांदुळजा एक जुडी धुऊन मोठा मोठा चिरावा. चमचाभर तेल चांगलं तापवून त्यात आल्याचे बारीक काप परतावेत. भाजी घालून मोठ्या आचेवर दोनच मिनिटं परतावी, झाकण ठेवू नये. दोन चमचे सोया सॉस, चिमूटभर साखर आणि अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर चार चमचे पाण्यात कालवून वरून ओतावं. रस चकाकला, की उतरवावी. सॉस खारट असतो, म्हणून मीठ चव बघूनच घालावं. चातुर्मासात चालते, लसूण नाहीच.

परत आल्यावर आषाढीला आत्याबाई पंढरपूरला गेल्या आणि त्यांनी माळ पुन्हा घालून घेतली. भजनाच्या बायकांना सगळी हकीकत त्यांनी स्वतःच सांगितली, शिंपल्यासकट! मी दडवत होते ते त्यांनी उघड करून टाकलं. हे लिहायला बसले, तेव्हाही आधी त्यांनाच विचारलं, ‘आत्याबाई, मासिकात देऊ का?’

‘दे की,’ त्या म्हणाल्या, ‘पण त्या हॉटेलवाल्याचं नाव घालू नको. त्यानं काय केलं बिचाऱ्यानं? आन् भाजीची कृती नीट लिही, मिठाचं सांग.’

सांगितलं बरं का, आत्याबाई!